दातांच्या मॉडेलचं लेझर स्कॅनिंग : व्हर्नियर एक सांगतो, स्क्रीन दुसरंच सांगते

दंतपंक्ती (धागाकर्ती) • सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (वेडेवाकडे दात सरळ करायची शाखा) एमडीएस करते, दुसरं वर्ष. आमच्या विभागात मॉडेल स्कॅन करायला टेबलावरचा लेझर स्कॅनर आहे. दातांची मापं आता स्क्रीनवर घ्यायची की व्हर्नियरनेच, यावरून गेले दोन आठवडे डोकं चालेनासं झालंय.

केस अशी आहे. १३ वर्षांची मुलगी, खाली पटाशीच्या दातांची गर्दी. खालच्या कास्टवर (जबड्याच्या प्लास्टरच्या मॉडेलवर) केरीज अ‍ॅनालिसिस केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : एका बाजूच्या पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत पितळी तार दातांच्या कमानीवरून फिरवून लांबी घ्यायची, म्हणजे उपलब्ध जागा कळते. मधल्या दहा दातांच्या रुंदीची बेरीज म्हणजे लागणारी जागा. फरक २.५ मिमीपर्यंत असेल तर दात न काढता, फार तर कडेने थोडे घासून भागतं. २.५ ते ५ असेल तर दुसऱ्या उपदाढा काढायचा विचार होतो आणि ५ च्या वर गेला तर पहिल्या उपदाढांचा.

कमानीची लांबी दोन्ही पद्धतींत सारखीच आली, ६३ मिमी. दातांची बेरीज व्हर्नियरवर ६५.९ आली आणि स्क्रीनवर ६४.८. म्हणजे व्हर्नियर म्हणतो २.९ मिमी कमी पडतायत, स्कॅन म्हणतो १.८. एकाच मुलीच्या एकाच जबड्यावर एक माप उपदाढा काढायच्या बाजूला जातंय, दुसरं न काढायच्या.

स्कॅनरच्या माहितीपत्रकात अचूकता २० मायक्रॉन लिहिलीय. माझा डिजिटल व्हर्नियर ०.०१ मिमीपर्यंत दाखवतो. मग १.१ मिमी कुठून आले? डेझर्टेशनचा (प्रबंधाचा) विषयही हाच घ्यायचा विचार आहे, म्हणून मुळापासून समजून घ्यायचंय.

---

मोजपट्टी • सोमवार, रात्री ११:५२

मी दंतवैद्य नाही. चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या तपासणीत १८ वर्षं काढली आहेत, सीएमएम (प्रोब टेकवून भागाची मापं घेणारं यंत्र) आणि लेझर स्कॅनर दोन्ही चालवतो. त्यामुळे दातांबद्दल काही चुकलो तर सांभाळून घ्या, मापाबद्दल बोलतो.

आधी तो २० मायक्रॉनचा आकडा बाजूला ठेवा. १.१ मिमी म्हणजे ११०० मायक्रॉन. स्कॅनरच्या दाव्याच्या ५५ पट. इतका फरक एकट्या स्कॅनरच्या माथी मारता येणार नाही. तसंच व्हर्नियर ०.०१ *दाखवतो* याचा अर्थ ०.०१ *मोजतो* असा होत नाही. तो फक्त त्याच्या पडद्यावरचा शेवटचा आकडा. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिला आठवडा हेच शिकवतो : लीस्ट काउंट वेगळा, खरेपणा वेगळा आणि पुन्हा पुन्हा मोजल्यावर तेच माप येणं वेगळं. आयएसओ ५७२५ या आंतरराष्ट्रीय मानकात या शेवटच्या दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत. दहा वेळा मोजून दहाही वेळा तेच चुकीचं माप येऊ शकतं.

आता लेझर काय करतो ते. मॉडेलवर लेझरची बारीक रेघ पडते. कॅमेरा तिच्याकडे कोनातून बघतो. पृष्ठभाग उंच असेल तर रेघ कॅमेऱ्याला सरकलेली दिसते, आणि किती सरकली यावरून त्रिकोणाच्या गणिताने उंची निघते. टेबल फिरतं, झुकतं, रेघ सरकत राहते आणि लाखो बिंदू जमा होतात. ते बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी होते, ती म्हणजे तुमची एसटीएल फाइल.

यात तीन ठिकाणी गोची होते.

पहिली, सावली. लेझर आणि कॅमेरा दोघांनाही जी जागा *एकाच वेळी* दिसते तिथलाच बिंदू मिळतो. एकमेकांवर चढलेल्या दोन दातांमधली फट दोघांना मिळून दिसणं कठीण. मग सॉफ्टवेअर आजूबाजूचा उतार बघून ते भोक स्वतःच बुजवतं. स्क्रीनवर तिथे छान गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो, पण तो मोजलेला नसतो, अंदाजाने भरलेला असतो.

दुसरी, धारा आणि टोकं. लेझरच्या रेघेला जाडी असते. तीक्ष्ण धारेवर अर्धी रेघ वर, अर्धी खाली पडते, आणि तिचा मध्य कुठे धरायचा यात चूक होते. म्हणून धारा किंचित गोल होऊन येतात.

तिसरी, चकाकी. प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणारा कोरडा, पांढरा, निस्तेज पृष्ठभाग लेझरला आवडतो. चकचकीत पृष्ठभाग किरण एकाच दिशेला परतवतो आणि मेणासारख्या पदार्थात किरण थोडा आत शिरतो.

माझा पहिला प्रश्न : दहा दातांचे दहा फरक वेगवेगळे लिहिले आहेत का? बेरजेवरून काही कळणार नाही. सगळे एकाच बाजूला झुकलेत का ते बघा.

---

दंतपंक्ती • मंगळवार, सकाळी ७:३०

लिहिलेत. दहापैकी नऊ दात स्क्रीनवर लहान आलेत. साधारण ०.१ मिमीने, पुढचे वेडेवाकडे दात जास्त. एकच उपदाढ जवळपास सारखी.

---

मोजपट्टी • मंगळवार, सकाळी ८:०५

मग सापडलंच म्हणा अर्धं. हा विखुरलेला फरक नाही, एकाच बाजूचा आहे. विखुरलेला असता तर दहा दातांत काही वर, काही खाली जाऊन बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात. प्रत्येकी ०.१ ची स्वैर चूक दहा दातांच्या बेरजेत साधारण ०.३ होते, कारण ती वर्गमुळाने वाढते. पण एकाच बाजूची ०.१ दहा वेळा सरळ मिळवली जाते आणि पूर्ण १ मिमी होते.

---

कृष्णाकाठ • मंगळवार, दुपारी २:४०

मी सांगलीकडे ऑर्थोडॉन्टिक्सची प्रॅक्टिस करतो, २६ वर्षं झाली. आमच्या विद्यार्थिदशेत पितळी तार, डिव्हायडर आणि ट्यूबलाइटचा उजेड एवढंच होतं.

मोजपट्टी यांनी सांगितलेल्या शेवटच्या मुद्द्याला दातांच्या भाषेत आणतो, कारण तो इथे फार मोलाचा आहे. एकाच बाजूची चूक प्रत्येक अ‍ॅनालिसिसला सारखी बाधत नाही. बोल्टन घ्या. १९५८ साली वेन बोल्टन यांनी उत्तम चावा असलेल्या ५५ केसेसवरून काढलेलं गुणोत्तर, खालचे बारा दात भागिले वरचे बारा, ९१.३ टक्के. समजा वरची बेरीज ९६ आणि खालची ८७.६ आहे, म्हणजे गुणोत्तर ९१.२५. आता स्कॅनरने प्रत्येक दात ०.१ ने कमी दाखवला तर ९४.८ आणि ८६.४, गुणोत्तर ९१.१४. फरक नावापुरता. चूक अंशातही आहे आणि छेदातही, म्हणून ती झाकली जाते.

केरीज मात्र वजाबाकी आहे. एका बाजूला तारेची लांबी, दुसऱ्या बाजूला दातांची बेरीज. बेरजेतली चूक पूर्णच्या पूर्ण उत्तरात उतरते. म्हणून "डिजिटल मॉडेलवर बोल्टन बरोबर येतं, म्हणजे सगळं बरोबर येतं" असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. डेझर्टेशन करायचं असेल तर हे दोन अ‍ॅनालिसिस शेजारी ठेवून करा. व्हायवात उपयोगी पडेल आणि खुर्चीतल्या रुग्णालाही.

आणखी एक, वडीलकीने सांगतो. २.५ ही रेघ कागदावर आहे. २.९ आणि १.८ यांच्यामध्ये कुठेही असलेली १३ वर्षांची मुलगी केवळ केरीजवर उपदाढा गमावणार नाही. चेहऱ्याची बाजूची ठेवण, ओठ, सेफॅलोग्रामवर (डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर) खालच्या पटाशीच्या दातांचा कल, कर्व्ह ऑफ स्पी (दातांच्या रांगेचा बाजूने दिसणारा वाक), हे सगळं त्यात येतं. तुमच्या मॅडमनी तसं सांगितलंच असेल.

---

प्लास्टरवाला • मंगळवार, रात्री ९:१५

मी डेंटल लॅब चालवतो. आयुष्य प्लास्टर कालवण्यात गेलं. सगळे स्कॅनर आणि व्हर्नियरवर बोलतायत, मॉडेलवर कोणीच नाही.

ताई, एक साधी गोष्ट विचारतो. स्कॅन केलेली कास्ट आणि व्हर्नियर लावलेली कास्ट एकच आहे ना?

माप, म्हणजे तोंडातला दातांचा ठसा, अल्जिनेटमध्ये (ठसा घ्यायचं जेलसारखं मिश्रण) घेतलं असेल. ते बहुतांशी पाणीच. उघडं ठेवलं की पाणी सोडतं आणि आकसतं, ओल्यात बुडवलं की पाणी पितं आणि फुगतं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तरी फक्त थोडा वेळ मिळतो. माप तोंडातून निघालं, धुतलं, जंतुनाशक झालं की लगेच ओतायचं. आमच्याकडे कित्येक मापं दुपारच्या एसटीने येतात. ओतण्याआधीच सांगतो की ही मापात बसणार नाहीत, पुन्हा घ्या. डॉक्टरांना राग येतो.

मग प्लास्टरची वाढ. स्टोन, म्हणजे कास्टचं कडक प्लास्टर, घट्ट होताना फुगतो. आयएसओ ६८७३ प्रमाणे टाइप ३ स्टोनला ०.२ टक्क्यांपर्यंत मुभा, टाइप ४ ला ०.१५. ७ मिमीच्या उपदाढेवर ०.२ टक्के म्हणजे ०.०१४ मिमी, सोडून द्या. पण दाढ ते दाढ ५० मिमी रुंदीवर ०.१ मिमी होते, म्हणजे तुमच्या २० मायक्रॉनच्या पाचपट. पाणी कमी घालून घट्ट कालवलं की वाढ जास्त, म्हणून पाणी-पावडर वजनाने घ्या. वाटीच्या अंदाजाने नको.

तिसरं, साबण. ऑर्थोची मॉडेल दाखवायला सुंदर हवीत म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवून घासून चकाकी आणतात. वर मोजपट्टी साहेबांनी चकाकीचं लिहिलंय, ते वाचून मला एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजची साबण केलेली मॉडेल आमच्याकडे स्कॅनला आली होती. दातांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर पुरळ आल्यासारखे बिंदू. तेव्हापासून आधी स्कॅन, मग साबण. ओली कास्टही स्कॅनखाली ठेवत नाही, रात्रभर वाळू देतो.

---

दंतपंक्ती • मंगळवार, रात्री १०:२०

प्लास्टरवाला दादा, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला.

कास्ट एकच नाही. स्कॅन झाल्यावर पहिली कास्ट कपाटातून काढताना खालचा डावा बाजूचा पटाशीचा दात टवका उडून तुटला. त्याच मापातून दुसरी कास्टही ओतलेली होती, पहिलीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी. मी व्हर्नियर त्या दुसरीवर लावला. दोन्ही "त्याच मापाच्या" म्हणून मनात एकच धरल्या. मॅडमना उद्या सांगणार आहे.

---

प्लास्टरवाला • मंगळवार, रात्री १०:३५

सांगा. त्या रागावणार नाहीत, आणि रागावल्या तरी सांगाच. अल्जिनेटच्या त्याच साच्यातून दुसऱ्या दिवशी ओतलेली दुसरी कास्ट मोजायच्या कामाची नसते. पहिली कास्ट काढताना साचा थोडा फाटलेला, ताणलेला असतो, त्यात रात्रभर पाणी सुटलेलं. विकृती कुठल्या दातावर किती येईल हे कोणी सांगू शकत नाही.

---

साताऱ्याची_आई • बुधवार, सकाळी १०:०५

मध्येच बोलतेय. माझ्या मुलाला तारा लावायच्या आहेत. आमच्या डॉक्टरांनी मॉडेल स्कॅन करून कॉम्प्युटरवर दाखवलं आणि म्हणाल्या की चार उपदाढा काढाव्या लागतील. हा धागा वाचून झोप उडाली. एक-दोन मिलीमीटरच्या चुकीवर चार दात जातात का हो?

---

कृष्णाकाठ • बुधवार, सकाळी ११:३०

ताई, घाबरू नका. इथे जी चर्चा चाललीय ती अगदी सीमारेषेवरच्या केसची आहे. गर्दी ७-८ मिमी असेल तर मिलीमीटरभर चुकीने उत्तर बदलत नाही. तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी सरळ विचारा : जागा किती कमी पडतेय, आणि दात काढायचा निर्णय मॉडेलशिवाय आणखी कशाकशावरून घेतला. विचारलेलं कुठल्याही चांगल्या डॉक्टरला आवडतंच. सेफॅलोग्राम समोर ठेवून समजावून सांगतील. स्कॅन केला म्हणून निर्णय कच्चा, असं अजिबात नाही.

---

साताऱ्याची_आई • बुधवार, दुपारी १२:१०

धन्यवाद डॉक्टर. शनिवारी विचारते.

---

सरासरी • बुधवार, रात्री ९:४०

वैद्यकीय संशोधनाच्या संख्याशास्त्रावर काम करते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या डेझर्टेशनांसाठी बरेच विद्यार्थी आकडे घेऊन येतात, तेव्हा दर वर्षी तीच चूक दिसते. दंतपंक्ती, तू ती करू नयेस म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तीस कास्ट घेतात. व्हर्नियर आणि स्कॅन अशी दोन मापं. पीअर्सन सहसंबंध काढतात, ०.९८ येतो, आणि निष्कर्ष लिहितात की दोन्ही पद्धती जुळतात. सहसंबंध जुळणं मोजतच नाही. समज स्क्रीनवरचं प्रत्येक माप बरोब्बर १ मिमीने कमी आहे. सहसंबंध पूर्ण १ येईल! मोठा दात दोन्हीकडे मोठा आणि लहान दात लहान, एवढंच त्याला कळतं.

दुसरी चूक टी टेस्टची, म्हणजे दोन सरासरींमधला फरक तपासणाऱ्या चाचणीची. पी ०.०५ च्या वर आला की "फरक नाही" असं लिहितात. फरक *सापडला नाही* आणि फरक *नाही* यात फार अंतर आहे. नमुना लहान आणि मापं विखुरलेली असली की मोठा फरकही सापडत नाही. उलट नमुना मोठा असेल तर ०.०३ मिमीचा निरुपयोगी फरकसुद्धा ठळक ठरतो.

योग्य वाट ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये दाखवली. प्रत्येक कास्टसाठी दोन पद्धतींचा फरक काढ, तो त्यांच्या सरासरीसमोर मांड. फरकांची सरासरी म्हणजे एकाच बाजूची चूक. तिच्या वर-खाली १.९६ गुणिले प्रमाण विचलन, या दोन रेघांमध्ये साधारण ९५ टक्के फरक पडतात. मग तो पट्टा उपचारासाठी चालेल का, हे तू ठरवायचंस. आणि *आकडे बघायच्या आधी* ठरवायचंस. सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या आराखड्यात) लिहून टाक की केरीजसाठी अमुक मिमीच्या आत मान्य.

त्याआधी स्वतःची चूक मोज. त्याच कास्टवर तूच, दोन आठवड्यांच्या अंतराने, आधीचे आकडे न बघता. डालबर्गचं सूत्र वापर : फरकांच्या वर्गांची बेरीज, भागिले २ गुणिले संख्या, आणि त्याचं वर्गमूळ. १९४० पासून चालत आलंय आणि तुमच्या शाखेत सगळे ओळखतात. ह्यूस्टन यांचा १९८३ चा ऑर्थोडॉन्टिक मापांतल्या चुकांवरचा लेखही वाच, त्यात स्वैर आणि एकाच बाजूची चूक यांचा भेद फार स्वच्छ मांडलाय.

---

लीड्सहून • गुरुवार, पहाटे २:५०

इकडे इंग्लंडमध्ये ऑर्थोडॉन्टिक्समध्ये काम करतो, मूळचा नाशिकचा. आमच्याकडे उपचाराचा दर्जा पीएआर निर्देशांकाने, म्हणजे दातांच्या ठेवणीला गुण देऊन, तपासतात. त्यात पुढच्या दातांचे कॉन्टॅक्ट पॉइंट (शेजारच्या दाताला टेकायच्या जागा) एकमेकांपासून किती सरकलेत त्याला गुण असतात : १ मिमीपर्यंत शून्य, १.१ ते २ ला एक, २.१ ते ४ ला दोन. म्हणजे ०.१ मिमीने गुण बदलू शकतो. केरीजसारखीच रेघेवरची अडचण. प्लास्टरवर प्लास्टिकची पट्टी ठेवून हे मोजताना आम्ही कधी इतका विचार केला नव्हता, स्कॅन आल्यावर करायला लागलो.

जुने अभ्यास वाचताना कुठला स्कॅनर होता ते बघा. कुस्नोतो आणि एव्हान्स यांनी २००२ साली मिनोल्टाचा व्हिव्हिड ७०० तपासला. मॉडेलवर दाढांमधली रुंदी ०.२ मिमीपर्यंत बरोबर आली, पण टाळूची खोली ०.७ ने चुकली. एकच यंत्र, एकच मॉडेल, तरी आडवं माप चांगलं आणि खोल जागेतलं वाईट. आजची टेबलावरची यंत्रं त्याच्या खूप पुढे गेली आहेत, पण खोल अरुंद टाळूकडे अजूनही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. सँटोरो आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यासही काढा. दातांची रुंदी आणि ओव्हरबाइट (वरचे पुढचे दात खालच्यांना किती झाकतात ते) डिजिटलवर प्लास्टरपेक्षा कमी आले होते. तुमच्या नऊ दातांसारखंच.

---

दंतपंक्ती • शनिवार, रात्री १०:४५

तीन दिवस गायब होते, कारण हेच करत होते. मॅडमना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

दुसऱ्या कास्टला साबण लावलेला नव्हता, कोरडी होती. तीच स्कॅन केली. स्क्रीनवर बेरीज ६५.४ आली. व्हर्नियरवर त्याच कास्टची ६५.९. म्हणजे १.१ पैकी ०.६ हा स्कॅनरचा दोष नव्हताच, तो दोन कास्टमधला फरक होता.

उरलेले ०.५ कुठले, ते मॅडमनी दाखवलं. मी स्क्रीनवर मॉडेल वरून बघून, दाताची कड जिथे संपल्यासारखी *दिसते* तिथे बिंदू ठेवत होते. व्हर्नियरची टोकं मात्र मी दाताच्या समोरून, कॉन्टॅक्टच्या पातळीवर आत सरकवते. वेड्यावाकड्या दातांत वरून दिसणारी कड आणि खरा कॉन्टॅक्ट या दोन वेगळ्या जागा असतात. मॅडमनी प्रत्येक दातासाठी मॉडेल फिरवून, दाताच्या अक्षाला समांतर छेद घेऊन सगळ्यात रुंद जागा शोधायला लावली. मग बेरीज ६५.७.

सरासरी ताईंनी सांगितल्याप्रमाणे व्हर्नियरने तीच कास्ट पुन्हा पुन्हा मोजायला घेतली. दोन आठवड्यांचं अंतर आत्ता जमणार नव्हतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ, आधीचा कागद मैत्रिणीकडे देऊन. पाच वेळांत सगळ्यात कमी ६५.६, सगळ्यात जास्त ६६.१. माझं स्वतःचंच माप ०.५ मिमीमध्ये हलतंय. मग ६५.७ आणि ६५.९ यात कोण बरोबर, हा प्रश्न मी विचारूच शकत नाही. आजवर मनात होतं की प्लास्टर आणि व्हर्नियर म्हणजे खरं माप आणि स्कॅनला त्याच्याशी जुळायचंय.

एक गोष्ट बघून मात्र वाईट वाटलं. पाचव्या वेळी भिंगाखाली बघितलं तर व्हर्नियरच्या टोकांनी कॉन्टॅक्टपाशी प्लास्टरवर बारीक ओरखडे पडलेत. मोजता मोजता मीच कास्ट झिजवतेय.

---

मोजपट्टी • शनिवार, रात्री ११:२०

फार छान काम केलंत. ओरखड्यांचं लिहिलंत ते विशेष आवडलं. आमच्याकडे मऊ भागांना सीएमएमचा प्रोबसुद्धा हलक्या दाबाने लावतात. लेझर हात न लावता मोजतो, हा त्याचा मोठा गुण. हजारदा मोजा, कास्ट तशीच.

आता स्कॅनर स्वतंत्रपणे तपासायचा राहिला. दातावर तपासू नका, दाताला नेमकी कड नाही. आम्ही गोळ्या वापरतो. सिरॅमिकच्या दोन मॅट गोळ्या एका ठोकळ्यावर पक्क्या बसवायच्या, केंद्रांमधलं अंतर आधी सीएमएमवर काढून ठेवायचं. मग स्कॅनरखाली वेगवेगळ्या दिशांनी ठेवून स्कॅन करायचे. सॉफ्टवेअर गोळीच्या हजारो बिंदूंवरून केंद्र काढतं, त्यामुळे बिंदू कुठे ठेवायचा हा माणसाचा भाग पूर्ण गळून पडतो. जर्मनीच्या व्हीडीआय/व्हीडीई २६३४ या मानकात प्रकाशीय यंत्रं अशाच पद्धतीने तपासतात. दंतक्षेत्रातल्या स्कॅनरसाठी आयएसओ १२८३६ आहे, तेही बघा.

खोलीच्या तापमानाची चिंता किती करायची तेही सांगतो. ५० मिमी पोलाद १५ अंशांनी तापलं तर साधारण ९ मायक्रॉन वाढतं. तुमच्या ०.५ मिमीसमोर ते कुठेच नाही. पण स्कॅनर चालू करून लगेच मोजू नका, गरम होऊन स्थिर होऊ द्या आणि मग कॅलिब्रेशन प्लेट लावा. हे बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही.

---

घोडकाठ • रविवार, सकाळी ९:००

पुरातत्त्वाचा विद्यार्थी. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचं इनामगाव, ताम्रपाषाणयुगीन वस्ती. तिथल्या सांगाड्यांच्या दातांवर ल्यूकाक्स आणि वाळिंबे यांनी काम केलंय. आमच्याकडे दातांची रुंदी मोजताना हीच गाठ पडते. दोन काळांतल्या लोकांच्या दातांमधला सरासरी फरक मिलीमीटरचा छोटा अंश असतो, आणि दोन मोजणाऱ्यांमधला फरकही तेवढाच निघू शकतो. शिवाय आमचे नमुने एकमेव असतात, व्हर्नियरचे ओरखडे आम्हाला परवडतच नाहीत. दंतपंक्ती, छेद घेऊन सगळ्यात रुंद जागा शोधायची तुमची पद्धत पायरीपायरीने लिहून टाकाल का? आम्हाला उपयोगी पडेल. फक्त खऱ्या दाताचं एनॅमल अर्धपारदर्शक असतं, लेझर त्यात थोडा शिरतो. म्हणून आम्ही प्रतिकृती ओतून स्कॅन करावी की थेट, यावरही कोणी लिहा.

---

प्लास्टरवाला • रविवार, दुपारी १:१५

घोडकाठ, लेझर आत शिरू नये म्हणून जुन्या नाजूक दातावर पावडरचा स्प्रे मारू नका. थर सगळीकडे सारखा बसत नाही आणि नंतर खाचांतून निघत नाही. प्रतिकृती करायची तर अल्जिनेट विसरा, अ‍ॅडिशन सिलिकोन घ्या. ते दिवसेंदिवस मापाला टिकतं, त्यातून दोन-तीन कास्ट सारख्या निघतात. पण हाड-दात ठिसूळ असेल तर साचा काढताना ओढ बसते, ते तुमच्या सरांना विचारूनच.

दंतपंक्ती ताई, तुमच्या त्या मुलीचं काय ठरलं?

---

दंतपंक्ती • रविवार, रात्री ८:३०

दोन्ही कास्ट बाजूला ठेवल्या. एक तुटलेली, एक दुसऱ्या दिवशीची. तिची आई तिला घेऊन येत्या गुरुवारी येतेय, नवीन माप घेणार. स्टोन आणि पाणी वजन करून आधीच तयार ठेवणार, माप निघाल्या निघाल्या ओतणार, रात्रभर वाळवून शुक्रवारी स्कॅन, आणि व्हर्नियर स्कॅननंतरच. मी आणि माझी सहकारी, दोघी स्वतंत्रपणे मोजू. मॅडमनी सेफॅलोग्राम पुन्हा काढून बघितला, खालचे पटाशीचे दात फारसे पुढे झुकलेले नाहीत. दात काढायचे की नाही हे त्या शुक्रवारनंतर ठरवतील.

घोडकाठ, छेदाच्या पायऱ्या स्क्रीनच्या चित्रांसह लिहिते, वेगळा धागा काढून.

मोजपट्टी सर, गोळ्या कुठे मिळतील? आमच्या भांडारात असं काही मिळणार नाही.

---

मोजपट्टी • रविवार, रात्री ९:०५

विकत घेऊ नका. माझ्याकडे ५ मिमीच्या दोन जोड्या पडून आहेत. तुमच्या दाढांमधल्या अंतराएवढ्या, ५० मिमीवर ठोकळ्यात बसवतो, सीएमएमवर मोजून सोबत कागद देतो. उद्या दुसरी पाळी आहे, त्याआधी होईल. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, बुधवारपर्यंत कुरिअर पोहोचेल. शुक्रवारी मुलीची कास्ट ठेवायच्या आधी ठोकळा तीन दिशांनी स्कॅन करा आणि तिन्ही आकडे इथे टाका.

---

दंतपंक्ती • रविवार, रात्री ९:१२

पाठवला. शुक्रवारी रात्री आकडे टाकते.